बंडगार्डनचे पक्षी : बंधारा, पूल आणि बारा महिने

नदीकाठ – ८ जून

पुण्यात पक्षी बघायला निघालेली माणसं पाषाण तलावावर जातात, सिंहगड व्हॅलीत जातात, थंडीत भिगवणला जाऊन बोटीत बसतात. बंडगार्डनला मुद्दाम दुर्बीण घेऊन फारसं कुणी जात नाही. नदीला वास येतो, रस्त्याचा गलका असतो, हे सगळं खरं आहे. तरी हा धागा बंडगार्डनसाठीच काढते आहे. आपल्या नदीचं काय चाललंय ते पक्ष्यांकडून समजून घ्यायचं असेल तर शहरात याहून चांगली जागा मला माहीत नाही. अट एकच, बारा महिने जायचं. नुसतं डिसेंबरात जाऊन आलात तर बदकं दिसतील, नदी कळणार नाही.

आधी जागेविषयी. संगमापाशी मुळा आणि मुठा एक होतात आणि मुळा-मुठा पूर्वेकडे निघते. तिथून थोडं खाली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५० मध्ये दगडी बंधारा बांधला गेला. लष्कराला पाणी मिळावं हा हेतू. खर्च अडीच लाख रुपयांच्या वर गेला, त्यातले पावणेदोन लाख जमशेटजींचे. त्याच्या काठाला बाग झाली, तीच ही बंडगार्डन, आताचं महात्मा गांधी उद्यान. शेजारचा फिट्झजेराल्ड पूल त्यानंतरचा, १८६० च्या दशकातला. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं नाव, दगडी कमानी आणि दोन्ही टोकांना बसलेले सिंह. वाहनं आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात, त्यामुळे जुन्या पुलावर निवांत उभं राहता येतं.

बंधाऱ्यामुळे नदीचे दोन तुकडे झाले आहेत आणि पक्ष्यांनी ते वाटून घेतले आहेत. वरच्या अंगाला साठलेलं संथ, खोल पाणी. तिथे पोहणारे आणि बुड्या मारणारे: टिबुकली, वारकरी, पाणकावळे, हळदी-कुंकू बदक. खालच्या अंगाला उथळ पाणी, खडक, गाळाचे पट्टे. तिथे चालणारे आणि टिपणारे: शेकाटे, तुतवार, धोबी, सगळे बगळे. पुलाच्या कमानी भिंगऱ्यांच्या. काठावरची जुनी झाडं तांबट, धनेश, पोपट, पिंगळ्यांची. थोडं पुढे खाली गेलं की येरवड्याच्या बाजूला सगळे ज्याला सलीम अली अभयारण्य म्हणतात तो झाडोऱ्याचा आणि दलदलीचा पट्टा आहे, तोही याच नदीचा भाग धरा. एका सकाळी इतके वेगवेगळे अधिवास पायी बघायला मिळतात, ते केवळ एका जुन्या बंधाऱ्यामुळे.

सध्या काय दिसतंय? गायबगळ्यांच्या डोक्या-छातीवर केशरी रंग चढला आहे. एरवी मातकट दिसणाऱ्या ढोकरीची पाठ गडद तपकिरी-लाल झाली आहे. वीण जवळ आली की त्यांचा पोशाख बदलतो. पावशा दिवसभर ओरडतो आहे. चातक आला आहे. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, काठावरच्या बाभळीत बसतो. मोसमी वाऱ्यांच्या पुढेमागे आफ्रिकेकडून येणारा हा पक्षी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, त्यामुळे सातभाईंचा थवा जिथे कलकलतोय तिथे चातक शोधावा.

दर ऋतूत इथे लिहीत जाईन. तुम्हीही लिहा, बंडगार्डनचंच असलं पाहिजे असं नाही, याच नदीचं असलं तरी चालेल.

टिबुकली – ९ जून

ताई, वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. दोन प्रश्न. मुलगा सहावीत आहे, त्याला घेऊन यायचं तर उभं कुठे राहायचं? आणि घरात ८ बाय ४० ची जुनी दुर्बीण आहे, ती चालेल का, की मोठी घ्यावी?

नदीकाठ – ९ जून

टिबुकली, ८ बाय ४० उत्तम आहे, नवी घेऊ नका. मुलांच्या हातात १० पटीची दुर्बीण हलते, पक्षी सापडायच्या आत ती कंटाळतात.

सकाळी जुन्या पुलावर जा आणि संगमाच्या दिशेला तोंड करून उभ्या राहा. ऊन पाठीमागून येतं, रंग नीट दिसतात. संध्याकाळी उलट, कल्याणीनगरच्या बाजूला बघायचं. मुलाला पहिल्या दिवशी नावं पाठ करायला लावू नका. एकच पक्षी निवडायला सांगा आणि तो काय खातोय, कसं खातोय तेवढंच बघायला सांगा. शेकाटा चांगला. लांबलचक गुलाबी पाय, त्यामुळे ओळखायला अडचण नाही, आणि सतत काहीतरी करत असतो.

जुनापूल – ११ जून

धाग्याबद्दल आभार. माझी नोकरी येरवड्याला होती, सायकलने रोज याच पुलावरून जायचो. तेव्हा थंडीत चक्रवाकांचे मोठे थवे नदीत उतरलेले असत. नारिंगी-बदामी अंग, उडताना पंखावर पांढरा पट्टा, आणि आवाज असा की पुलावरच्या रहदारीतूनही ऐकू यायचा. आपल्या जुन्या काव्यात चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट झाल्याने एकमेकांना हाका मारते, असं येतं. कवींनी विरह कल्पनेने घातला असेल, पण रात्रीच्या हाका खऱ्या आहेत, मी ऐकल्या आहेत. लडाख-तिबेटकडे आणि मध्य आशियात वीण करून हा पक्षी दख्खनमध्ये उतरतो.

आमच्या पिढीला नदीकडे असं बघायला शिकवलं ते प्रकाश गोळे यांनी. १९८२ मध्ये त्यांनी पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली. नदी म्हणजे केवळ वाहतं पाणी नाही. काठ, गाळ, झाडं, मासे, पक्षी, नदीवर जगणारी माणसं मिळून नदी होते, हे ते काठावर उभं राहून दाखवायचे. आज ‘परिसंस्था’ शब्द शाळेच्या पुस्तकात आहे. तेव्हा नव्हता.

चिखलबूट – २६ जुलै

खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय, आज पुलावर गेलो होतो. बंधारा दिसतच नाही, त्यावरून चहाच्या रंगाचं पाणी एकसंध वाहतंय. आठवड्यापूर्वी जिथे शेकाटे होते ती जागा पाण्याखाली. हे सगळे पक्षी जातात कुठे?

नदीकाठ – २७ जुलै

चांगला प्रश्न आहे. शेकाटे, बगळे पुराच्या दिवसांत नदी सोडतात. लोणी काळभोर, थेऊरच्या बाजूची पाणी साचलेली शेतं, ओढे, छोटे तलाव असं कुठेही उथळ पाणी मिळालं की भागतं. पाणी उतरलं की परत येतात, कारण पुराने नवा गाळ आणून टाकलेला असतो आणि त्यात खायला भरपूर असतं.

पण पूर सगळ्यांना सारखा नसतो. तारवाली भिंगरी पुलाच्या कमानीखाली, पाण्याच्या वर थोड्याच उंचीवर चिखलाची वाटी चिकटवते. पाणी फार चढलं तर घरटं जातं. टिबुकलीचं घरटं तर तरंगतं, पाणवनस्पतींना अडकवलेलं. हळूहळू चढणारं पाणी तिला चालतं, धरणाचे दरवाजे उघडल्यावर एका रात्रीत येणारा लोंढा चालत नाही. मुठेच्या वरच्या अंगाला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी अडवतात. धरणं भरेपर्यंत नदी जवळजवळ कोरडी आणि भरली की एकदम पूर. मोकळ्या नदीचा पूर असा पायरी गाळून येत नाही. काठावर वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या सगळ्या सवयी मोकळ्या नदीवर घडलेल्या आहेत.

एक फायदा मात्र सांगायलाच हवा. उन्हाळाभर साचलेली जलपर्णी या पाण्याने धुऊन नेली. वर्षातले हे काही आठवडे नदी नदीसारखी दिसते.

सुगरण – ३ ऑगस्ट

येरवड्याच्या बाजूला पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची घरटी लागली आहेत! नर पिवळेधमक. काही घरटी अर्धवट, नुसती टोपीसारखी, तळ नसलेली. सोडून दिलीत का?

नदीकाठ – ३ ऑगस्ट

सोडलेली नाहीत, दाखवायला ठेवली आहेत. नर घरटं अर्धं विणतो आणि पंख फडफडवत मादीला बोलावतो. मादी आत शिरून, ओढून बघते. पसंत पडलं तरच तो खालची नळी पुरी करतो. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात, म्हणून एका झाडावर अर्धी आणि पुरी दोन्ही दिसतात. अंडी उबवायला मादी बसली की नर दुसरं घरटं विणायला घेतो.

फांदी पाण्यावर असण्याचं कारण साप आणि इतर चोर. म्हणून काठ ‘साफ’ करताना या काटेरी बाभळी आधी तोडल्या जातात तेव्हा फार वाईट वाटतं. कुणालाही बाभूळ सुंदर वाटत नाही, पण सुगरणीला हवी असते ती तीच.

चिखलबूट – २१ सप्टेंबर

बागेतल्या हिरवळीवर आज करडा धोबी. शेपटी सतत वरखाली, पोटाला पिवळा. हा पहिला पाहुणा ना?

नदीकाठ – २१ सप्टेंबर

धोब्यांमधला पहिला. तुतवार त्याच्याही आधी, ऑगस्टपासूनच येऊ लागतात. ठिपकेवाली तुतवार चिखलात शोधा, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई, आणि उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरं. करडा धोबी हिमालयातल्या ओढ्यांवरून येतो, म्हणून तो नेहमी दगडांतून वाहतं पाणी पसंत करतो. बंधाऱ्याच्या पायथ्याशी जिथे पाणी खळाळतं तिथे तो मार्चपर्यंत सापडेल. बारा महिने राहतो तो मोठा धोबी, काळा-पांढरा, भुवई पांढरी. पहाटे पुलाच्या कठड्यावर बसून गातो आणि त्याचं गाणं दयाळच्या गाण्याइतकं गोड असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरकडे लोक दुर्लक्ष करतात, बदकांची वाट बघत बसतात. माझ्या मते वर्षातला सगळ्यात हलता काळ हाच. रोज कुणीतरी येतंय, कुणीतरी पुढे जातंय. तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा लागतात, दोन दिवसांनी तार रिकामी असते.

सरळमार्गी – १४ नोव्हेंबर

पक्षी सप्ताहानिमित्त (५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांचे वाढदिवस) आमच्या सोसायटीतून एक गट गेला होता. थापट्या बदकं, शेकाट्यांचा प्रचंड थवा, मोरशराटी, चित्रबलाक. गर्दी बघून मन भरून आलं. एक शंका. आपण सतत म्हणतो की नदी मेली. मग इतके पक्षी कसे? मला तर वाटतं नदी सुधारते आहे आणि आपण उगाच गळा काढतो.

टिबुकली – १४ नोव्हेंबर

मलाही हाच प्रश्न पडला होता. ताई, सांगा.

नदीकाठ – १५ नोव्हेंबर

सरळमार्गी, गटाला घेऊन गेलात याचा फार आनंद झाला. शंका रास्त आहे आणि या धाग्याचं खरं कारण तीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

किती पक्षी आहेत हे मोजून नदीची तब्येत कळत नाही. कोण आहेत आणि कोण नाहीत, ते बघावं लागतं.

नदीत मैलापाणी येतं. त्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. बहुतेक जलकीटकांना आणि माशांना तो लागतो, ते जातात. पण डासांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या काही माश्यांच्या लाल अळ्या असतात. त्यांच्या अंगात आपल्या रक्तात असतं तसंच एक प्रकारचं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळातही त्या राहू शकतात. बारीक लाल कृमीही तसेच. स्पर्धा करणारं कुणी उरलं नाही की यांची संख्या बेसुमार वाढते. शेकाटे, तुतवार, धोबी हेच खातात. थापट्याची चोंच पुढे रुंद आणि कडेला बारीक दात्यांची, तो पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म खाद्य घेतो. गढूळ, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी त्याला सोयीचं. तुमच्या यादीतले शेकाटे आणि थापट्या, म्हणजे गर्दीचा मोठा भाग, मैलापाण्यावर पोसलेला आहे.

आता यादीत कोण नाही ते बघा. नदी सुरय दिसला का? पिवळी चोंच, काळी टोपी, लांब दुभंगलेली शेपटी, पाण्यावर सूर मारून मासा उचलणारा. आपल्या नद्यांचा हा अस्सल पक्षी, धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत आज तो ‘असुरक्षित’ गटात आहे. कवड्या खंड्या दिसला का? हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि सरळ खाली पडतो. त्याला वरून मासा दिसावा लागतो, म्हणजे पाणी नितळ लागतं. हे दोघे पूर्वी नदीवर सहज दिसत, आता बंडगार्डनला दिसले तर आम्ही एकमेकांना फोन करतो. पाणकावळे आणि राखी बगळे टिकले आहेत, कारण चिलापी आणि आफ्रिकी मांगूर असे बाहेरून आलेले मासे घाण पाण्यातही राहतात. मांगूर तर तोंड वर काढून हवाच घेतो.

पक्षी आहेत याचा आनंद मानायचाच. शेकाट्याचा काही दोष नाही, तो मिळेल त्या ठिकाणी पोट भरतो आहे. पण त्याच्या थव्याचा फोटो टाकून नदी सुधारल्याची बातमी झाली की पोटात तुटतं. मैलाशुद्धीकरणाच्या ११ नव्या केंद्रांची योजना २०१६ पासूनची आहे, ती सगळी केंद्रं नीट चालू लागली तर कदाचित शेकाटे कमी होतील आणि सुरय परत येईल. तेव्हा गर्दी कमी दिसेल, पण नदी बरी झालेली असेल.

जुनापूल – १५ नोव्हेंबर

अगदी सहमत. आमच्या वेळी पुलावरून खाली पाहिलं तर काही जागी दगड दिसायचे. कवड्या खंड्या ठरलेल्या तारेवर असायचा. शेकाटे इतके नव्हते.

सरळमार्गी – १६ नोव्हेंबर

इतक्या मनापासून उत्तर दिल्याबद्दल आभार. पुढच्या वेळी गटाला हेच सांगेन, ‘कोण नाही’ तेही लिहून आणा.

गोदातीर – ६ जानेवारी

नाशिकहून लिहितो. धागा वाचताना सारखं आमचं नांदूर मध्यमेश्वर डोळ्यांपुढे आलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी दगडी बंधारा घातला, मागे गाळ साठला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालं. माणसाने स्वतःच्या गरजेसाठी घातलेला बंधारा आणि त्यातून तयार झालेली पाणथळ, गोष्ट तुमच्यासारखीच. फरक इतकाच की आमच्याकडे आजूबाजूला शेती आहे, तुमच्याकडे शहर.

आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत असते, १९८७ पासून चालू आहे. तुमच्या पट्ट्यात कुणी करतं का?

नदीकाठ – ६ जानेवारी

गोदातीर, छान तुलना. हो, आमचा छोटा गट संगम ते मुंढवा असा काठ वाटून घेतो आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकतो. मोजताना एक पथ्य पाळतो: ज्या टप्प्यात काही दिसलं नाही त्याचीही यादी भरायची. रिकामी यादीसुद्धा माहिती आहे.

सध्या सकाळी धुकं फार. नदीवर थंड हवा खाली बसते, साडेसातपर्यंत समोरचा काठ दिसत नाही. आधी झाडं बघून घ्या. हळद्या आहे, लाल छातीचा माशीमार आहे, पर्णवटवटे आहेत. मग धुकं उठलं की पाण्याकडे वळा. वर आकाशात दलदल भोवत्या दिसतो, तो आला की सगळी बदकं एकदम उठतात. मोजणी तेव्हा करा.

कॅमेराखांदा – २ फेब्रुवारी

काल काठाला एक पिंगळा सापडला. काही जण मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला ढोलीबाहेर काढत होते. फोटो छान मिळत होते, पण मला नको वाटलं. हे योग्य आहे का?

नदीकाठ – २ फेब्रुवारी

योग्य नाही. त्याच्या हद्दीत दुसरा पिंगळा घुसला असं समजून तो बाहेर येतो, विणीच्या दिवसांत हे वारंवार झालं तर जागा सोडतो. तुम्ही थांबलात, चांगलं केलंत. त्यांनाही समजावून सांगा. आणि पुलावरून पाव, फरसाण टाकणाऱ्यांनाही सांगत चला.

सुगरण – २७ फेब्रुवारी

काटेसावर फुलली! पानं एक नाही, नुसती लाल फुलं, आणि भोरड्या तुटून पडल्यात. गुलाबी अंग, काळं डोकं, परागकणांनी तोंड पिवळं. बुलबुल, शिंजीर, कावळे, खारी, सगळ्यांचं संमेलन.

नदीकाठ – २८ फेब्रुवारी

वर्षातला माझा सगळ्यात आवडता आठवडा. या भोरड्या एप्रिलमध्ये निघतील त्या थेट मध्य आशियाच्या गवताळ पठारांवर. तिथे टोळांच्या झुंडींवर त्यांची पिल्लं वाढतात. शेतकरी इथे ज्वारीवरून त्यांना हाकलतो, तिकडचा शेतकरी त्यांची वाट बघतो.

कोरेगावकर – ९ मार्च

इतका सुंदर धागा चाललाय, पण एक विषय कुणी काढला नाही. महापालिकेचा ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प. याच पट्ट्यात काम झालंय. माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. इतकी वर्षं आम्ही नदीजवळ राहूनही काठावर जाऊ शकत नव्हतो. राडारोडा, अंधार, दारूच्या बाटल्या. आता आई संध्याकाळी काठाने चालते. हे वाईट कसं?

नदीकाठ – १० मार्च

राग कशाला? तुमच्या आईंना काठाने निर्धास्त चालता यावं हे मलाही हवं आहे. राडारोडा टाकून काठ बुजवणाऱ्यांनी पक्ष्यांचं जितकं नुकसान केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल.

माझा मुद्दा काठाच्या आकाराचा आहे. नैसर्गिक काठ उतरता असतो. वर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. मग गवत, मग चिखल, मग घोटाभर पाणी. पाणी रोज थोडं वरखाली होतं आणि ती ओली कड सरकत राहते. तुतवार, धोबी, ढोकरी यांचं ताट म्हणजे ही कड. तिच्या जागी दगडाचा सरळ उतार किंवा भिंत आली की एका बाजूला कोरडं, दुसऱ्या बाजूला खोल, मधलं काही उरत नाही. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून अंडी घालतात, पिचिंग (दगडांचं अस्तर) झालेल्या काठात बीळ कुठे करणार? २०२३ मध्ये पुणेकर झाडांसाठी ‘चिपको’ म्हणत रस्त्यावर आले, ते झाडांबरोबर या काठासाठीही होतं असं मी समजते.

पायवाट जरा मागे घ्या, झाडांच्या सावलीतून. वाळुंज राहू द्या. काही दरडी उघड्या सोडा. प्रखर दिवे पाण्यावर टाकू नका, रातढोकरी अंधार पडल्यावर खायला निघते. हे करूनही लोकांना चालता येईल.

कोरेगावकर – १० मार्च

दिव्यांचं पटलं. आमच्या बाजूला रात्रभर लख्ख असतं, आम्हालाही नको वाटतं. प्रभागाच्या बैठकीत हे मांडतो. दरडीचं मला नवीन होतं. एखादी उघडी दरड उरली असेल तर दाखवाल का?

नदीकाठ – ११ मार्च

नक्की. येरवड्याच्या बाजूला अजून थोडी आहे. रविवारी सहाला या, आईंनाही आणा.

टिबुकली – १९ एप्रिल

मुलाच्या परीक्षा संपल्या, आम्ही पुन्हा येतोय. आता बदकं गेली, नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा. बघण्यासारखं काही आहे का, की पावसाची वाट बघू?

नदीकाठ – २० एप्रिल

या, जरूर या. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, खालचं पाणी गुदमरवते, ती नकोच. पण सध्या तिच्यावर जांभळी पाणकोंबडी लांब बोटं पसरून चालते आहे आणि मुलाला ती मुळीच शोधावी लागणार नाही. कावळ्यांची घरटी लागली आहेत, म्हणून कोकीळ अस्वस्थ आहे. नर कावळ्यांना चिडवून दूर नेतो, तेवढ्यात मादी अंडं घालून निघते. पुलाजवळच्या उंच झाडाखाली सावलीत अर्धा तास बसलात तर हे नाटक दिसायची शक्यता चांगली आहे. साडेआठच्या आत आटपा, नंतर ऊन सोसत नाही.

आणि मुलगा आता थोडा मोठा झालाय, त्याला नदी सुरय शोधायचं काम द्या. मार्च ते मे त्याची वीण, पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या खडकांवर आणि वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. बंडगार्डनला नाही दिसला तर सोलापूर रस्त्याला कवडी पाटला जा. तीच नदी, खालच्या अंगाला.

जुनापूल – २३ एप्रिल

कवडी पाटला काल नातवाबरोबर गेलो होतो. नदी सुरयाची एक जोडी, नर मासा चोचीत धरून मादीला भरवत होता. बेटाकडे कुत्री जाताहेत, पाणी फार कमी आहे. टिबुकली, मुलाला घेऊन लवकर जा. बेटापासून लांब उभे राहा, वरच्या रस्त्यावरून दुर्बिणीतून व्यवस्थित दिसतं.

टिबुकली – २४ एप्रिल

काका, शनिवारी पहाटेच निघतो. अंडी किंवा पिल्लं दिसली तर नेमकी जागा इथे उघड लिहीत नाही, तुम्हाला आणि ताईंना निरोप पाठवते.